जुन्या ध्वनिमुद्रिकांचा शोध : पिंपरी-चिंचवड व चाकण परिसर

भंगाराची दुकाने, रद्दीवाल्यांचे गाळे, जुने बाजार आणि आवराआवर चाललेली बिऱ्हाडे यांतून पूर्वी वापरलेल्या ग्रामोफोनच्या तबकड्या व कॅसेटी हुडकून काढण्याचा व्यासंग. मुंबईच्या चोर बाजारात किंवा पुण्याच्या पेठांत हा व्यासंग जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्यांच्या आश्रयाने वाढला. पिंपरी-चिंचवड आणि चाकण या औद्योगिक पट्ट्यात मात्र त्याची गाठ प्रथम भंगाराच्या तराजूशी पडते, आणि येथे कोणते संगीत टिकले व कोणते नाहीसे झाले याचा निर्णय रसिकाच्या अभिरुचीपेक्षा त्या तराजूनेच अधिक वेळा केलेला आहे.

या मुलखाच्या वसाहतीचा इतिहास ध्यानी घेतल्यावाचून येथील तबकड्यांचे स्वरूप कळत नाही. पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सचा कारखाना १९५४ साली स्थापन झाला, महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ मध्ये अस्तित्वात आले, १९७० मध्ये नगरपालिका आणि १९८२ मध्ये महानगरपालिका झाली. चाकणची औद्योगिक वसाहत तर त्याहूनही अलीकडची. म्हणजे मराठवाडा, खानदेश, सातारा, सोलापूर येथून कामगारांची बिऱ्हाडे या पट्ट्यात येऊन स्थिरावत होती तेव्हा मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या लाखेच्या तबकडीचे युग संपत आले होते, आणि त्यांच्या पगारातून प्रथम जे संगीत विकत घेतले गेले ते ४५ व ३३⅓ फेऱ्यांच्या तबकड्यांवरचे आणि त्यानंतर, फार मोठ्या प्रमाणावर, कॅसेटींवरचे होते. लाखेची तबकडी येथे सापडते ती बहुधा गावाकडच्या घरातून ट्रंकेत घालून आणलेली, किंवा चिंचवड, भोसरी, चाकण अशा जुन्या गावठाणांतील वाड्यांच्या माळ्यावर राहून गेलेली.

भंगारात प्रत्येक वस्तूला तिच्या द्रव्यावरून भाव येतो. ग्रामोफोनचा कर्णा पितळेचा असेल तर पितळेच्या दराने जातो, चावीच्या यंत्रातील लोखंड लोखंडाच्या ढिगात पडते, पेटीचे लाकूड सरपणात जाते; रेडिओग्रामची तांब्याची तार सोलून निराळी होते. या सर्व हिशेबात लाखेच्या तबकडीला काहीच किंमत नाही, कारण लाख, दगडाची पूड, काजळी आणि सुताचा भुसा यांच्या मिश्रणातून घडलेल्या त्या पदार्थातून भंगारवाल्याला वेगळे काढता येण्याजोगे काही उरत नाही. म्हणून ती गोणीच्या तळाशी फुटते, किंवा कोणी घेईल या आशेने दुकानाच्या कडेला उन्हात पडून वाकडी होते. त्यापुढची तबकडी पीव्हीसीची असल्याने हलक्या प्लास्टिकच्या वर्गवारीत जाते, आणि तिचे पुठ्ठ्याचे वेष्टन, ज्यावर गायक, संगीतकार व वादक यांचा तपशील असतो, ते त्याआधीच रद्दीत वेगळे निघालेले असते. यंत्र मोडले की तबकडी निरुपयोगी होते आणि यंत्र तर धातूच्या लोभाने सर्वांत आधी मोडले जाते. शोधकाला हातात आलेली तबकडी वाजवून पाहण्याची सोय बाजारात क्वचितच मिळते, ती याच कारणाने. पितळी कर्णा लावलेले जे चकचकीत ग्रामोफोन हल्ली शोभेसाठी विकले जातात ते पुष्कळदा नव्यानेच जुळवलेले असतात, आणि त्यांवर मौल्यवान तबकडी वाजवणे हितावह नाही.

दशकानुदशके भंगाराच्या या व्यापाराचे पिंपरी-चिंचवडातील मोठे केंद्र चिखलीजवळील कुदळवाडी हे होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये महानगरपालिकेने तेथील अनधिकृत बांधकामे प्रचंड प्रमाणावर पाडली. तेव्हापासून शोधकाला लहानसहान गाळे व फेरीवाले यांच्यावरच अधिक विसंबावे लागते. या पट्ट्यातील जाणकारांची जुनी वहिवाट अशी की, लोकलने शिवाजीनगरला उतरावे आणि पुण्याच्या मंगळवार पेठेत बुधवारी व रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजाराची वाट धरावी. तेथे जमिनीवर अंथरलेल्या गोणपाटावर कुलपे, पाने, घड्याळे यांच्या शेजारी तबकड्याही मांडलेल्या असतात. लवकर जाणाऱ्यास माल निवडता येतो, उशिरा जाणाऱ्यास भाव उतरवून मिळतो. प्रस्तुत लेखकाच्या मते यांपैकी पहिला लाभच खरा, कारण दुर्मिळ तबकडी संध्याकाळची वाट पाहत नाही.

तबकडीची पारख डोळ्यांनी व बोटांनी करावयाची असते. दहा इंची लाखेची तबकडी सुमारे २०० ग्रॅम वजनाची, जड व ठिसूळ असून तिच्या एका बाजूस साधारण तीन मिनिटांचे गायन मावते. बारा इंची दीर्घवादन तबकडी वजनाला हलकी, किंचित लवणारी, आणि एका बाजूस वीस मिनिटांहून अधिक वाजणारी. पोलादी टाचणीच्या यंत्रावर दीर्घवादन तबकडी एकदा जरी वाजवली तरी तिच्या सूक्ष्म खाचा कायमच्या खरवडल्या जातात. उजेडात तिरपी धरली असता खाचांवर राखाडी छटा दिसली तर ती झिजलेली समजावी. नुसती धूळ किंवा बुरशी असेल तर ती धुऊन जाते, परंतु लाखेच्या तबकडीस स्पिरिट कदापि लावू नये, कारण लाख त्यात विरघळते. लेबल आणि खाचा यांच्यामधील कोऱ्या पट्टीवर कोरलेला साचा-क्रमांक हा त्या तबकडीचा खरा दाखला होय. लेबल फाटले तरी त्या क्रमांकावरून ध्वनिमुद्रणाची ओळख पुष्कळदा पटवता येते.

भारतात व्यापारी ध्वनिमुद्रणाचा प्रारंभ १९०२ मध्ये कलकत्त्यात झाला, आणि त्या पहिल्या मुद्रणांत गौहरजान यांचे गायन होते. १९०८ मध्ये सियालदह येथे कारखाना निघेपर्यंत येथले मुद्रण जर्मनीतील हॅनोव्हरला जाऊन तेथे तबकड्या छापल्या जात, आणि तेथील कारागिरांना गायकाची ओळख पटावी म्हणून गाणे संपताच गायक स्वतःचे नाव उच्चारीत असे. तो उच्चार ऐकू आला तर तबकडी पहिल्या पिढीतील असण्याचा संभव बळावतो. मराठी घरांतून बालगंधर्व, मास्टर कृष्णराव, हिराबाई बडोदेकर यांच्या तबकड्या निघतात, आणि संग्राहक सर्वप्रथम त्यांच्याकडेच धाव घेतात. मुंबईत वडाळ्याला छापल्या जाणाऱ्या ‘यंग इंडिया’ या स्वदेशी छापाच्या तबकड्यांकडे मात्र पुष्कळांचे दुर्लक्ष होते. वस्तुतः बड्या कंपन्यांनी ज्यांना दारात उभे केले नाही अशा अनेक गायक-गायिकांचा आवाज केवळ त्या छापामुळे आज उपलब्ध आहे.

परंतु या औद्योगिक पट्ट्यापुरते बोलावयाचे तर येथे शोधण्याजोगा खरा ठेवा नाट्यसंगीताचा नव्हे. एका अंगाला देहू, दुसऱ्या अंगाला आळंदी. जवळच देहूरोड, जेथील बुद्धविहारात २५ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. आणि फाळणीनंतर निर्वासित सिंधी कुटुंबांनी वसवलेला पिंपरी कॅम्प. या भूगोलाचे पडसाद संगीतात उमटल्यावाचून कसे राहतील? प्रल्हाद शिंदे यांची भक्तिगीते, विठ्ठल उमप यांचे शाहिरी गायन, भीमगीते, भारुडे, लावण्या, वारकरी भजनी मंडळांच्या कॅसेटी, मास्टर चंदर यांच्यासारख्या सिंधी गायकांच्या तबकड्या हे कामगारांच्या घरांतील संगीत होय. चाळीच्या सामाईक गॅलरीत, सत्यनारायणाच्या मांडवात, जयंतीच्या मिरवणुकीत ते वाजवून वाजवून झिजले, आणि झिजलेल्या मालास संग्राहक भाव देत नाहीत. लता मंगेशकरांची ‘अभंग तुकयाचे’ ही तबकडी अनेकांनी जपून ठेवली आहे, तिचे पुनर्मुद्रणही सहज मिळते. परंतु एखाद्या खेड्यातील भजनी मंडळाने स्वखर्चाने काढलेल्या थोड्याशा कॅसेटींपैकी शेवटची प्रत गोणीत गेली तर तिची दुसरी प्रत जगात कोठेही राहत नाही. ज्याला या शोधाची मनापासून आस्था आहे त्याने आपला वेळ आणि पैसा प्रथम येथे खर्चावा, असे आग्रहाने म्हणावेसे वाटते.

कॅसेटीचे आयुष्य तबकडीहून अल्प आहे. फितीवरील चुंबकीय थर ओलाव्याने सुटतो, दाबपट्टीचा नमदा गळून पडतो, आणि लागोपाठच्या वेढ्यांतील ध्वनी एकमेकांत उतरून मंद प्रतिध्वनी ऐकू येऊ लागतो. पुण्याच्या अलूरकर म्युझिक हाऊसने शास्त्रीय गायनाच्या काढलेल्या कॅसेटी निगुतीने तयार झालेल्या असल्याने आजही बऱ्या वाजतात. स्वस्त कोऱ्या फितीवर भरून विकलेल्या प्रती मात्र आधी वाया जातात. म्हणून सापडलेली कॅसेट सुक्या, थंड जागी उभी ठेवावी, वाजवण्यापूर्वी एकदा पुढे-मागे गुंडाळून घ्यावी, आणि पहिल्याच वादनात तिची संगणकीय प्रत करून ठेवावी. पुष्कळदा ते पहिले वादन शेवटचेही ठरते.

मुंबईत १९९० मध्ये स्थापन झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ या संस्थेने, विशेषतः सुरेश चांदवणकर यांच्या परिश्रमाने, तबकड्यांच्या याद्या, गायकांची चरित्रे व कंपन्यांचा इतिहास यांचे पद्धतशीर दप्तर उभे केले. पिंपरी-चिंचवड व चाकण परिसरातील शोधकाने त्याच पद्धतीने लेबल, साचा-क्रमांक, वेष्टनावरील मजकूर यांसह तबकडी कोणत्या वस्तीतून व मूळच्या कोणत्या जिल्ह्यातील बिऱ्हाडातून आली याचीही नोंद करावी. व्यक्तीचे नाव घेण्याचे कारण नाही. जिल्हा, वस्ती आणि अदमासे साल एवढे पुरे, कारण भंगाराच्या गाळ्यात वस्तू शिरताच हा तपशील सर्वांत आधी पुसला जातो, आणि तो विक्रेत्याला त्याच दिवशी विचारला तरच मिळतो.