तिन्हीसांजेचे प्रगतिपुस्तक

माझे वडील धान्याच्या एका पेढीवर दिवाणजी होते. शाळा त्यांनी लवकरच सोडली होती. तरीही मला गणितात काय येते आणि काय येत नाही, हे त्यांना आमच्या गुरुजींइतकेच पक्के ठाऊक असे. त्यासाठी ते शाळेत कधी गेल्याचे मला आठवत नाही. तिन्हीसांजेला देवापाशी दिवा लागला, की आम्ही भावंडे भिंतीशी ओळीने बसून परवचा म्हणत असू. आधी श्लोक, मग पाढे, आणि पाढे संपले की पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी. (औट म्हणजे साडेतीन. हे आता सांगावे लागते!) वडील सुपारी कातरीत ऐकत बसत. ‘तेवीस अडीचके’पाशी माझी जीभ अडखळली, की अडकित्ता थांबे. मग माजघरातून आजीचा आवाज येई, “साडेसत्तावन्न.” आजी आयुष्यात शाळेची पायरी चढली नव्हती. ऐकून ऐकूनच तिला सारे येत होते.

ही रीत पंतोजींच्या शाळेतून आलेली. रा. वि. परुळेकरांनी मुंबई इलाख्यातील 1820 ते 1830 या काळातील देशी शिक्षणासंबंधीची सरकारी कागदपत्रे निवडून 1951 साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. ती चाळताना त्या शाळा डोळ्यांपुढे उभ्या राहतात. शाळा देवळात नाहीतर कोणाच्या तरी ओसरीवर, लिहावयास धूळपाटी, आणि पंतोजींचे पोट पालकांच्या शिध्यावर. मुंबईच्या गव्हर्नरच्या कौन्सिलातील प्रेंडरगास्ट या साहेबाने 1821 साली लिहून ठेवले आहे, की इथला साधा कुणबी नि छोटा दुकानदारही आपला हिशेब आमच्या देशातील सामान्य लोकांपेक्षा अधिक चोख ठेवतो. हे वाचून आपल्याला गुदगुल्या होतात खऱ्या; पण त्या ओसरीवर मुली जवळजवळ नव्हत्याच आणि अस्पृश्यांच्या मुलांना तर तिथे जागाच नव्हती. छडीची गोष्ट वेगळीच. तेव्हा त्या काळाची आरती ओवाळण्याची माझी इच्छा नाही. मला एवढेच दिसते, की ते शिक्षण मोठ्याने म्हणण्याचे होते, आणि जे मोठ्याने म्हटले जाते ते घरातल्या सर्वांच्या कानांवर पडते.

शिवाय बाजारही त्याच पाढ्यांवर चाले. रुपयाचे 16 आणे, आण्याचे 4 पैसे, पैशाच्या 3 पै. मणाचे 40 शेर, आणि शेराचे अच्छेर, पावशेर, नवटाक असे अर्ध्याचे अर्धे होत जावयाचे. पावकी-निमकी ज्याला येई त्याला दुकानात कोणी फसवू शकत नसे. मुलगा काय शिकतो, कशासाठी शिकतो, हे बापाला विचारावे लागत नसे.

1 एप्रिल 1957 रोजी रुपयाचे 100 नये पैसे झाले. मी तेव्हा चौथीत होतो. पेढीवर आणि पोस्टात रूपांतराचे तक्ते लागले. एक आण्याचे 6 नये पैसे, दोन आण्यांचे 12, आणि तीन आण्यांचे 19! वडील तक्ता घरी घेऊन आले नि म्हणाले, “सहा त्रिक एकोणीस! हे कुठलं गणित?” खरा हिशेब पावणेएकोणीसचा, तो पुरा करून एकोणीस. दोन दिवसांत त्यांनी तक्ता पाठ करून टाकला. पुढे ऑक्टोबर 1958 पासून किलोग्रॅम येऊ लागला, 1962 पर्यंत सक्तीचाही झाला, आणि तोही त्यांनी पचवला. सरकारने नाण्यांविषयी नि मापांविषयी लोकांना कळवण्यात कसूर केली नव्हती.

शाळेने मात्र काही कळवले नाही. एके संध्याकाळी अडीचकी म्हणा, असे वडील म्हणाले, तेव्हा मी मोठ्या ऐटीत सांगितले, “आता अडीचकी नाही, दशांश आहेत.” त्यांनी माझी पाटी घेतली, 2.5 या आकड्याकडे बराच वेळ पाहिले आणि विचारले, “हा ठिपका कसला?” मला नीट सांगता आले नाही. खरे म्हणजे सांगण्याची मला गरजही वाटली नाही. ज्यांनी आयुष्यभर अडीच हा आकडा जिभेवर खेळवला, त्यांना तो ठिपक्याच्या वेषात ओळखता आला नाही! त्यानंतर परवचा श्लोकांवरच थांबू लागला. वर्षाअखेर प्रगतिपुस्तक येई. त्यात ‘गणित 62’ असे लिहिलेले असे. वडील त्याखाली मोडीत सही करीत. उरलेले 38 कुठे गेले, हे त्या कागदावरून त्यांना कधीच कळले नाही.

2019 साली माझी नात दुसरीत होती. बालभारतीच्या नव्या पुस्तकात त्रेसष्टला ‘साठ तीन’ असेही म्हणावयास सांगितले होते, आणि त्यावरून वर्तमानपत्रांपासून विधिमंडळापर्यंत गदारोळ उडाला. गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर यांनी कारण समजावून सांगितले. मराठीत एकक आधी बोलतो नि दशक आधी लिहितो, त्यामुळे मुले घोटाळतात. दक्षिणेतील भाषांत दशकच आधी येतो. जुनी नावे काढून टाकलेली नाहीत. मीही रागावलेल्यांतच होतो. नातीला म्हटले, “लिही बघू त्रेसष्ट.” तिने 36 लिहिले. “साठ तीन?” तिने तत्काळ 63 लिहिले. माझा राग तिथेच अर्धा उतरला. उरलेला अर्धा असा, की हे आम्हांला जून महिन्यात पोरीच्या तोंडून नि वर्तमानपत्रातून कळावे!

त्याच वर्षी दिवाळीनंतर तिच्या बाईंनी एक चिठ्ठी घरी पाठवली. अर्धा कागद, हाताने लिहिलेला. ‘या महिन्यात दशक सुटा करून वजाबाकी घेत आहोत. घरी दहा-दहा काड्यांच्या जुड्या करून द्याव्यात. हातचा शब्द तूर्त वापरू नये.’ सूनबाई कामात होती, म्हणून काम माझ्याकडे आले. उदबत्त्यांच्या जळून उरलेल्या काड्या मी जमवल्या, दोऱ्याने चार जुड्या बांधल्या, नि एक सुटी काडी वेगळी ठेवली. 41 मधून 13. नात थोडा वेळ त्या एकाच सुट्या काडीकडे पाहत बसली. मग तिने एका जुडीचा दोरा दाताने तोडला.