पाचशे ओंडके

प्रवासाचा इतिहास हा बहुतेक लिहिता-वाचता येणाऱ्यांचाच इतिहास असतो. सायंकाळी मुक्कामावर पोचल्यावर ज्याला दिव्यापाशी बसून चार ओळी खरडता येतात, त्याच्या दिवसाची नोंद राहते; तीच वाट पाठीवर ओझे घेऊन चाललेल्या माणसाचा दिवस मात्र चुलीतल्या विस्तवाबरोबर विझून जातो. म्हणूनच हिमालयाच्या पूर्व टोकाच्या अरण्यांतून चार वर्षे पायी वणवण केलेल्या, आणि अक्षरओळखही नसलेल्या किंथुप नावाच्या माणसाची हकीकत आपल्यापर्यंत यावी, हे एक नवलच म्हटले पाहिजे. आसामात किंवा त्यापलीकडच्या डोंगराळ मुलखात ज्यांना नोकरीनिमित्त राहावे लागले आहे, त्यांनी दिहांग नदीचे पात्र पाहिले असेल. ही नदी आणि तिबेटातील त्सांगपो एकच, हे आज शाळकरी पोरही सांगेल. १८८० मध्ये मात्र ते छातीठोकपणे सांगणारा एकही माणूस नव्हता.

प्रश्न मोठा मौजेचा होता. त्सांगपो तिबेटच्या पठारावरून शेकडो मैल पूर्वेकडे वाहत जाते, आणि ग्याला गावाच्या खाली नामचा बरवा व ग्याला पेरी या दोन प्रचंड हिमशिखरांमधल्या फटीत शिरून दिसेनाशी होते. ग्यालापाशी तिचे पात्र समुद्रसपाटीपासून सुमारे नऊ हजार फूट उंचीवर आहे. दिहांग आसामच्या मैदानात उतरते ती अवघ्या पाचशे फुटांवर. मधल्या मुलखात हे पाणी इतके खाली कसे येते? कोणी म्हणत, तेथे नायगाऱ्यालाही लाजवील असा धबधबा असला पाहिजे. कोणी म्हणत, ही नदी आसामात येतच नाही, ती ब्रह्मदेशात जाऊन इरावती होते. सर्व्हे खात्यातील कॅप्टन हेन्री हार्मन याने आसामच्या तोंडाशी नद्यांचे पाणी मोजून पाहिले होते व दिहांगचे पाणी सर्वांत अधिक भरले होते. पण पाण्याच्या मापाने सिद्ध झालेली गोष्ट आणि पायाने चालून पाहिलेली गोष्ट यांत अंतर असते.

युरोपियन माणसाला तिबेटची दारे बंद होती. त्यावर कॅप्टन माँटगोमेरी याने काढलेला तोडगा प्रसिद्धच आहे. कुमाऊँतील भोटिया मंडळींना डेहराडूनला आणून भूमापनाचे शिक्षण द्यायचे आणि व्यापारी किंवा यात्रेकरू म्हणून पलीकडे पाठवायचे. त्यांना ‘पंडित’ म्हणत. एका मैलास दोन हजार पावले पडतील अशी चाल त्यांच्या अंगवळणी पाडली जाई. जपमाळेत एकशे आठांऐवजी शंभर मणी. शंभर पावलांना एक मणी सरला की एक माळ म्हणजे दहा हजार पावले, अर्थात पाच मैल. हातातल्या प्रार्थनाचक्रात मंत्राच्या भेंडोळीऐवजी टिपणाचे कागद. त्यांच्यातील नैनसिंग रावत याला लंडनच्या भूगोल-संस्थेचे सुवर्णपदक मिळाले, सी. आय. ई. ही पदवी मिळाली, जमीनही मिळाली. त्याचे सारे श्रेय त्याचेच होते यात वाद नाही. पण त्याला लिहिता येत होते, हेही विसरून चालणार नाही.

किंथुप सिक्कीमकडचा. १८७८-७९ मध्ये तो नेमसिंग नावाच्या पंडिताचा मदतनीस म्हणून ग्यालापर्यंत जाऊन आला होता. खात्याच्या कागदांत त्याची खूण ‘के. पी.’ एवढीच. १८८० च्या ऑगस्टमध्ये हार्मनने एका चिनी लामाला दार्जिलिंगहून त्सांगपोच्या शोधास पाठविले आणि किंथुपला नोकर म्हणून त्याच्याबरोबर दिले. आज्ञा अशी: नदीच्या काठाकाठाने होता होईल तो मैदानापर्यंत उतरा. ते न साधल्यास जेथवर पोचाल तेथे फूटभर लांबीचे पाचशे ओंडके खुणा करून तयार करा, आणि आधी कळवून ठरल्या दिवसांपासून रोज पन्नास याप्रमाणे पाण्यात सोडा. खाली दिहांगच्या तोंडाशी माणसे पहारा ठेवतील. खुणेचा एक ओंडका जरी सापडला तरी दोन नद्या एक ठरल्या.

अशा वाटचालीतला एक दिवस कसा जात असे? किंथुपने पुढे तोंडी सांगितलेल्या हकीकतीत गावांची नावे आहेत, अंतरे आहेत, नाले व पूल आहेत. पोटाच्या व पायाच्या कथा फारशा नाहीत. पण त्याच वाटांनी पुढे गेलेल्यांनी बरेच लिहून ठेवले आहे, आणि तिबेटी वाटसरूची दिनचर्या अशी फारशी बदलणारीही नव्हती. पहाटे चकमक झाडून विस्तव करायचा. मीठ व लोणी घुसळलेला चहा लाकडी वाटीत ओतायचा, त्यात भाजलेल्या सातूचे पीठ बोटांनी मळून गोळा करायचा आणि खायचा. वाटी पुसून पुन्हा अंगरख्याच्या आत, पट्ट्याच्या वरच्या घोळात ठेवायची. तिबेटी माणसाचे स्वयंपाकघर आणि खिसा दोन्ही त्या घोळातच. सातूच्या पिठाची एक मोठी सोय अशी की ते शिजवावे लागत नाही. ज्याने पावसात ओल्या लाकडांशी झगडत भात शिजविला आहे, त्यालाच या सोयीची किंमत कळेल.

पठारावर हे सारे सुसह्य होते. ग्यालाच्या खाली मात्र मुलूखच पालटतो. मोसमी वारे ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातून थेट या घळीत शिरतात, त्यामुळे पेमाको नावाच्या त्या प्रदेशात पाऊस सरता सरत नाही. वरच्या अंगाला ऱ्होडोडेंड्रॉनची अशी जाळी, की माणसाने जमिनीवरून चालण्याऐवजी फांद्यांवरूनच चालावे. खाली उतरावे तसतसे बांबू, वेत, रानकेळी आणि पायाखाली कुजलेल्या पाल्याचा चिखल. सरळ कड्यांवर खाचा पाडलेले ओंडके शिडी म्हणून टेकविलेले. ओझ्याचा पट्टा कपाळावर. त्यामुळे दृष्टी सदैव पायांकडे, आणि ते बरेच, कारण पायांकडेच जळवा असतात. सायंकाळी मुक्कामी त्या वेचून काढणे हा जेवणाइतकाच नेमाचा कार्यक्रम. नदी ओलांडण्यास कोठे वेतांचा विणलेला, नळीसारखा झुलता पूल, तर कोठे एकच दोर. वेताच्या कड्यात अंग अडकवून हातापायांनी स्वतःला पलीकडे ओढीत न्यायचे आणि खाली पाहायचे नाही. रात्री एखाद्या खडकाच्या पोटाशी आडोसा मिळाला तर सण.

अन्नाचा प्रश्न वेषाने सुटत असे. पेमाको ही तिबेटी लोकांची गुप्त पुण्यभूमी. तेथे जाणाऱ्या यात्रेकरूला मूठभर पीठ घालणे हे गावकऱ्यांना पुण्याचे वाटे. आपल्याकडे नर्मदेची परिक्रमा करणाऱ्यास सातपुड्याच्या रानात जे सदावर्त मिळते, त्यातलाच हा प्रकार. फरक इतकाच, की परिक्रमावासी खराखुरा यात्रेकरू असतो. किंथुपला हे सोंग चार वर्षे निभवावे लागले, आणि माझ्या मते सोंग व सत्य यांच्यातली रेघ त्याच्यापुरती पुढे पुढे पुसटच झाली असली पाहिजे.

लामा मात्र सोंगाला साजेसा निघाला नाही. वाटेत एका गावी त्याचे यजमानाच्या बायकोवर मन जडले आणि तेथे चार महिने मोडले. प्रकरण उघडकीस आले तेव्हा भरपाईचे पंचवीस रुपये भरण्याची पाळी किंथुपवर आली. १८८१ च्या मार्चमध्ये दोघे ग्यालास पोचले व घळीत शिरून पेमाकोचुंग या लहानशा मठापर्यंत गेले. तेथे वाट संपते. पुढे कडे आणि पाणी. नाइलाजाने मागे फिरून दुसऱ्या बाजूने वळसा घालताना मे महिन्यात टोंगयुक येथे लामा म्हणाला, मी दोन-तीन दिवसांत येतो. तो गेला तो गेलाच. काही दिवसांनी किंथुपला उमगले, की लामाने आपल्याला तेथल्या झोंगपेनला, म्हणजे गढीच्या अंमलदाराला, गुलाम म्हणून विकले आहे.

दहा महिने त्याने ती गुलामी काढली. १८८२ च्या मार्चमध्ये तो पळाला.

येथे क्षणभर थांबावेसे वाटते. पळालेल्या माणसाने कोठे जावे? लामा खात्याचे सामान घेऊन पसार झालेला. हार्मनला यातले काहीच ठाऊक नाही. किंथुप दार्जिलिंगला परतला असता तर त्याला बोल लावणारा कोणी नव्हता. कारण मोहीम लामाची होती, हा केवळ बरोबरचा नोकर. पण तो घराकडे वळला नाही. तो नदीच्या बाजूस वळला आणि तिच्या काठाने खाली निघाला. झोंगपेनची माणसे मागावर होतीच. मारपुंग येथील मठात त्यांनी त्याला गाठले, तेव्हा त्याने मठाधिपतीचे पाय धरले. मठाधिपतीने पन्नास रुपये मोजून त्याला सोडवून घेतले. सोडवून, म्हणजे स्वतःच्या चाकरीस ठेवून.

पुढची हकीकत रजेच्या अर्जांची आहे, आणि या मासिकाच्या वाचकांना ती चांगली समजेल. साडेचार महिने निमूट काम केल्यावर किंथुपने तीर्थयात्रेसाठी रजा मागितली. ती मिळताच तो नदीकाठच्या रानात गेला, पाचशे ओंडके तोडून नीट केले, एका गुहेत लपविले आणि मुदतीत कामावर हजर झाला. दोन महिन्यांनी त्सारीच्या यात्रेचे निमित्त करून पुन्हा रजा. या खेपेस तो गेला ल्हासाला, म्हणजे डोंगरांच्या रांगा ओलांडीत आठवड्यांची वाट, ती कशासाठी, तर पत्र धाडण्यासाठी! स्वतःला लिहिता येत नव्हते. सिक्कीमच्या एका काझीची तेथे गाठ पडली. त्याच्याकडून नेमसिंगच्या नावे मजकूर लिहवून घेतला. मजकुरात गाऱ्हाणे थोडे आणि कामाची गोष्टच अधिक: लामाने विकले, सरकारी वस्तू घेऊन पळाला, तथापि ओंडके तयार आहेत, तिबेटी पंचांगाच्या जल-मेष वर्षी, म्हणजे १८८३ च्या अखेरीस, दहाव्या महिन्याच्या अमुक तिथीपासून रोज पन्नास सोडीन. पत्र मार्गी लावून तो पुन्हा मारपुंगला आला व चाकरीस लागला. नऊ महिन्यांनंतर त्याची यात्रेवरची भक्ती पाहून मठाधिपतीने आपण होऊन त्याला मुक्त केले.

मग तो बिपुंगला गेला. ठरल्या तिथीस त्याने पहिले पन्नास ओंडके पाण्यात सोडले. दुसऱ्या दिवशी पन्नास. असे दहा दिवस. त्या दहा दिवसांविषयी त्याच्या हकीकतीत काहीच सांगण्यासारखे नाही. उठायचे, रानातून लाकडे वाहून काठाशी आणायची, मोजायची, सोडायची.

दिहांगच्या तोंडाशी त्या वेळी कोणीही उभे नव्हते. पत्र हार्मनच्या हाती पडलेच नाही. थंडीवाऱ्यात काम करून प्रकृती ढासळलेला हार्मन हिंदुस्थान सोडून गेला होता आणि १८८३ मध्येच इटलीत फ्लॉरेन्स येथे वारला होता. ओंडके आसामातून, बंगालमधून वाहत समुद्रास मिळाले असतील.

याची गंधवार्ता नसलेला किंथुप नदीच्या काठाने आणखी खाली उतरला. आता त्याला लागला तो आदी लोकांचा मुलूख. त्या काळचे सरकारी कागद त्यांना ‘अबोर’ म्हणत. तिबेटाकडून येणारे मीठ ही तेथली मोठी दौलत. परक्या माणसाविषयी संशयही तेवढाच मोठा. ओलोन गावापर्यंत तो गेला. आसामचे मैदान तेथून थोड्याच मजलांवर होते. पुढे जाणे म्हणजे जिवावर उदार होणे, हे ओळखून तो माघारी वळला, आणि तिबेटातून सारा वळसा घालून १८८४ च्या नोव्हेंबरमध्ये दार्जिलिंगला पोचला. घरी आई वारली होती.

त्याने आपली हकीकत तोंडी सांगितली, दुभाष्याने ती इंग्रजीत उतरविली आणि १८८९ मध्ये खात्याने ती छापली. चार वर्षांची गावे, अंतरे, वळणे, सगळे डोक्यात साठविलेले. एक कागद जवळ नाही. तिच्यावर अनेकांनी विश्वास ठेवला नाही. भर पडली ती एका घोळाची. पेमाकोचुंगजवळ त्सांगपोचा दीडशे फुटांचा धबधबा आहे, असे छापील मजकुरात आले. धबधब्याच्या शोधात असलेल्यांना तेवढेच हवे होते. किंथुप मात्र डोंगर हिंडणाऱ्या साहेबांना वाट दाखवीत आणि कपडे शिवीत दार्जिलिंगात राहिला. वॉडेल या लेखकाने त्याला हिमालयातील आपल्या भटकंतीत बरोबर घेतले होते.

१९१३ मध्ये कॅप्टन बेली आणि कॅप्टन मॉर्सहेड हे दोघे त्या घळीत स्वतः शिरले. किंथुपने सांगितलेली गावे व वळणे एकामागून एक जुळत गेली. पेमाकोचुंगजवळ धबधबा होता, पण तो तीस फुटांचा. बेलीने परतल्यावर किंथुपचा शोध घेतला व त्यालाच विचारले, तेव्हा उलगडा झाला. उंच धबधबा त्याने सांगितला होता तो ग्यालासमोरच्या एका लहान ओढ्याचा. नदीचा धबधबा बेताचाच, असेच त्याचे म्हणणे होते. सांगणे, भाषांतर आणि लेखन या प्रवासात दोन जागांची गल्लत झाली होती. मसुद्यावरून पक्की प्रत करताना काय काय होऊ शकते, हे कचेरीत बसणाऱ्यास निराळे सांगायला नको. पंचवीस-तीस वर्षे त्या गल्लतीचा बट्टा निरक्षराच्या शब्दाला लागला होता. (त्या घळीच्या आतल्या, त्या वेळी कोणालाच न पोचता आलेल्या भागात शंभर फुटांच्या आसपासचा एक धबधबा खरोखरच आहे. १९९८ मध्ये माणसे तेथवर उतरली. किंथुपच्या हकीकतीशी त्याचा संबंध नाही.)

बेलीने सरकारकडे खटपट केली, की या माणसाला थोडेसे निवृत्तिवेतन बांधून द्यावे. उत्तर आले, की असा खर्च अंगावर घेता येत नाही. हा मनुष्य नव्वद वर्षेही जगेल. त्याऐवजी एक हजार रुपये एकरकमी मंजूर झाले. किंथुप सिमल्याला येऊन बेलीला भेटला, रक्कम घेऊन दार्जिलिंगला परतला, आणि त्यानंतर काही महिन्यांतच वारला.