मारव्याची बाजू, दरबारीची बाजू

आम्हा बेळगावकडच्या लोकांना माळवा तसा परका नाही. सुळेभावीला जन्मलेले शिवपुत्र कोमकळी, म्हणजे आपले कुमार गंधर्व, १९४८ साली प्रकृतीसाठी देवासला गेले आणि तिथलेच झाले. माझी थोरली मावशीही इंदूरला दिलेली. मावशी गेली, तिचे यजमान अप्पाही गेले. मागे राहिले ते अप्पांचे तबकड्यांचे कपाट, रेकॉर्ड प्लेअर आणि दोन भले मोठे स्पीकर. गेल्या मे महिन्यात मावसभावाचा फोन आला, "दादा, घर पाडून नवे बांधतोय. अप्पांच्या तबकड्यांचे काय करायचे ते तूच येऊन सांग."

मी पोहोचेपर्यंत पुतण्याने तोडगा काढला होता. एका दुकानातून बारा तबकड्यांचे डिजिटल रूपांतर करून आणले होते. "काका, सगळे या पेनड्राइव्हमध्ये आले. आता तबकड्या रद्दीवाल्याला दिल्या तरी चालेल ना?"

मी इतिहासाचा मास्तर. नक्कल झाली म्हणून अस्सल टाकून द्यायचे, हे ऐकून मी जरा चपापलो. पण विरोधाला कारण हवे होते. "तबकडीत गोडवा असतो" एवढ्याने आजची पोरे गप्प बसत नाहीत, आणि बसूही नये.

त्या बारांत उस्ताद अमीर खाँसाहेबांची १९६० सालची एलपी होती. एका बाजूला मारवा, दुसऱ्या बाजूला दरबारी. खाँसाहेब इंदूरचेच. वडील शहामीर खाँ होळकर दरबारी सारंगिये. १९०२ साली गेझबर्गने कलकत्त्यात गोहरजानचे गाणे मुद्रित केले तेव्हापासून पुढे अर्धशतक आपले शास्त्रीय संगीत तबकडीच्या एका बाजूला तीनेक मिनिटांत कोंबले जात होते. कित्येकांनी त्यातही मोती पिकवले. पण अतिविलंबित झुमऱ्यात एकेक सूर उलगडणाऱ्या या गायकीला तीन मिनिटे म्हणजे नुसता गळा खाकरण्याइतका वेळ. १९४८ साली अमेरिकेत मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांची एलपी निघाली, ती यथावकाश आपल्याकडे आली, आणि बाजूला वीस-बावीस मिनिटे मिळू लागली. ती नसती तर घरी बसून ऐकणाऱ्यांना हा मारवा या रूपात मिळाला नसता.

अप्पा मारवा संपला की उठत, सुई उचलत, तबकडी लगेच उलटत नसत. मारवा संध्याकाळचा, दरबारी रात्रीची. मधे जेवण होई. पेनड्राइव्हमध्ये दोन सेकंदांत दरबारी सुरू होते.

आम्ही दोन्ही तऱ्हा एकाच अँप्लिफायरवर लावून पाहिल्या. खरे सांगायचे तर विलंबितात मला फारसा फरक कळला नाही. द्रुतात मात्र डिजिटल सरस वाटले, आणि त्याला कारण आहे. तबकडीच्या कडेला सुईखालून एका फेरीत जेवढी लांबी सरकते तिच्या निम्मीसुद्धा आतल्या टोकाला सरकत नाही. तिथे चर दाटीने कोरलेली, त्यामुळे वरचे बारीक स्वर फाटतात. आणि आपला ख्याल असा की द्रुत नि ताना नेमक्या शेवटी येतात! १९८२ साली निघालेल्या सीडीत ही अडचण नव्हती. तिथे आवाजाचे माप सेकंदाला ४४,१०० वेळा घेतलेले, पहिल्या मिनिटाला आणि शेवटच्या मिनिटाला सारखेच. सुईची झीज नाही, खरखर नाही. पुतण्या खूश झाला.

पण दरबारी लावली आणि मला काहीतरी खटकत राहिले. सूर चढे वाटले. कपाटावरची पेटी काढून पाहिले, तर फाइलीतला षड्ज तबकडीच्या षड्जापेक्षा एक पट्टी वर! आता यात खोटे कोण? आमचा जुना प्लेअर मंद झाला होता की दुकानातला जलद होता? तबकडीच्या कडेला कागदाची चिठ्ठी चिकटवली आणि घड्याळ लावून फेऱ्या मोजल्या. ३३⅓ ची तिप्पट शंभर. तीन मिनिटांत बरोबर शंभर फेऱ्या भरल्या. पुन्हा मोजल्या, पुन्हा शंभर. मग दोन्हीकडची दरबारी पहिल्यापासून शेवटपर्यंत घड्याळावर लावली. फाइल सव्वा मिनिट आधी संपली. दुकानातले यंत्र सुमारे सहा टक्के जलद फिरत होते, आणि सहा टक्के म्हणजे सबंध अर्धा सूर. खाँसाहेबांचा धीरगंभीर आवाज त्यामुळे थोडा तरुण झाला होता. वर खरखर काढण्याच्या भरात तंबोऱ्याची जवारीही बरीच घासून निघाली होती.

बखरींच्या नकलांत हेच होते. लेखनिकाच्या हातून एक अक्षर चुकते, पुढचे सारे तेच इमानाने उतरवतात. डिजिटल नक्कल तर याहून इमानी. तिची हजारावी प्रतही पहिलीसारखीच, चुकीसकट. ती चूक आम्हाला सापडली ती तबकडी घरात होती म्हणून.

पुतण्या बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे बाकीच्या अकराही तशाच?"

"तशाच असणार. यंत्र तेच ना!"

इंदूर-महू रस्त्यावर पिगडंबरला सुमन चौरसिया यांनी २००८ साली लता दीनानाथ मंगेशकरांच्या नावाने ग्रामोफोन रेकॉर्डचे संग्रहालय उभारले. लताबाई १९२९ साली इंदुरातच जन्मल्या. घर पाडल्यावर जागाच उरली नाही तर तिथे विचारून पाहू, असे मावसभावाने सुचवले. ते मला पटले. रद्दीवाल्याचा विषय मात्र पुन्हा निघाला नाही.

परवा पुतण्याचा फोन आला होता. प्लेअर संगणकाला जोडून तो आता स्वतःच उतरवून घेतो आहे. प्रत्येक तबकडीला आधी चिठ्ठी लावतो आणि शंभर मोजतो. चार झाल्या. पाचवीच्या वेळी पट्टा सैल पडून फेऱ्या सत्त्याण्णव भरल्या, म्हणून नवा पट्टा शोधायला तो बाजारात निघाला होता.