कोकण कोठून कोठपर्यंत?

मुंबईत कोणी ‘सुट्टीत कोकणात जातो’ असे म्हटले, की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे रत्नागिरी, मालवण, नारळी-पोफळीच्या बागा उभ्या राहतात. डहाणू तालुक्यातील कैनाड हे गाव त्या चित्रात कधी येत नाही. सरकारी दप्तर उघडावे तर मात्र कैनाड ज्या पालघर जिल्ह्यात आहे, तो कोकण विभागाच्या सात जिल्ह्यांपैकी एक होय. दप्तर ज्यास कोकण म्हणते आणि लोक ज्यास कोकण म्हणतात, त्यांत हे अंतर का पडले, याचा आपण आज विचार करू.

कोकण या शब्दाच्या व्युत्पत्तीविषयी विद्वानांत एकमत नाही. परशुरामाने समुद्र हटवून ही भूमी मिळविली ही कथा आपण सर्वांनी ऐकली आहे, आणि सप्तकोकणांच्या जुन्या याद्याही आहेत. पण त्या याद्या परस्परांशी जुळत नाहीत. तेव्हा शब्दाच्या मुळापेक्षा तो कोणी, कोठे उभे राहून वापरला, हे पाहणे आम्हांस अधिक फलदायी वाटते.

अशोकाच्या शिलालेखांत या पश्चिम किनाऱ्याच्या मुलुखास ‘अपरान्त’ म्हटले आहे. अपरान्त म्हणजे पश्चिमेकडील शेवट. हे नाव पूर्वेकडून पाहणाऱ्याने दिलेले, हे उघड आहे. किनाऱ्यावर राहणाऱ्यास आपले घर हा शेवट वाटत नाही. पोर्तुगीज आले, त्यांनी दमणपासून चौलपर्यंतच्या मुलुखास ‘उत्तरेचा प्रांत’ म्हटले. कारण त्यांची राजधानी दक्षिणेस गोव्यास होती. १७३९ च्या मोहिमेत मराठ्यांनी वसई घेतली आणि या मुलुखातील ते नावही मागे पडले. नाव देणारा गेला, की त्याने दिलेली दिशाही जाते.

हा प्रकार केवळ आपल्याकडचाच आहे असे नाही. स्पेनमध्ये एस्त्रेमादुरा नावाचा प्रांत आहे. मध्ययुगात हे नाव सीमेवरील मुलुखास लावीत. ख्रिस्ती राज्यांची सीमा दक्षिणेस सरकत गेली, तसे नावही तिच्याबरोबर सरकले. सोरिया हे शहर आज कास्तीयमध्ये मोडते. तरी त्याच्या बोधवाक्यात ते स्वतःस एस्त्रेमादुराचे शिर म्हणवून घेते. सीमा निघून गेली, नावाची खूण तेवढी राहिली.

आता डहाणूकडे वळू. नाशिकच्या पांडवलेण्यांत नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. ज्या नद्यांवर त्याने फुकट नावांची सोय केली, त्यांत ‘दाहनुका’ नदीचे नाव आले आहे. म्हणजे हे नाव सुमारे १९०० वर्षे टिकले आहे. पुढे १९५५ साली याच तालुक्यात चिंचणी येथे ताम्रपट सापडले. त्यांतील शके ८४८, म्हणजे इ. स. ९२६ च्या पटात ‘संयान-मंडल’ आले आहे. संयान म्हणजे आजचे संजाण. राष्ट्रकूटांच्या वतीने तेथे मधुमती हा अरब अधिकारी कारभार पाहत होता. या मुलुखास स्वतःचे नाव होते आणि स्वतःचे केंद्रही होते.

आणखी एक नाव आहे. ठाणे जिल्ह्याच्या १८८२ च्या गॅझेटियरात ‘वारलाट’ हे सप्तकोकणांपैकी एक सांगून वारली लोकांचा संबंध त्याच्याशी जोडला आहे. डॉ. जॉन विल्सन यांनी वारली शब्दाचे मूळ ‘वारल’, म्हणजे कसलेला जमिनीचा लहान तुकडा, असे दिले. ही व्युत्पत्ती निर्णायक आहे असा आमचा आग्रह नाही. पण अपरान्त व उत्तर प्रांत ही नावे दुरून दिलेली, तर हे नाव जमीन कसणाऱ्याच्या हातून आलेले दिसते, एवढा भेद ध्यानात घ्यावा. जव्हार, सुरगाणा, डांग या डोंगराळ भागांत ‘कोकणा’ ही आदिवासी जमात आहे. समुद्र दिसत नाही तेथेही लोक कोकणाचे नाव अंगावर वागवीत आहेत.

नावाचा हा प्रश्न केवळ पंडितांचा नाही. मे १९४५ मध्ये तत्कालीन उंबरगाव तालुक्यातील झरी येथे वारली एकत्र आले आणि वेठबिगारीविरुद्ध उभे राहिले. लढा डहाणूसही पसरला. तो लढताना या दोन तालुक्यांतील वारल्यांस मधली रेघ माहीत नव्हती. १९६० साली द्विभाषिक मुंबई राज्य दुभंगले, तेव्हा उंबरगाव तालुक्याचा मोठा भाग गुजरातेत गेला; उरलेल्या गावांचा तलासरी झाला. संजाणही पलीकडे गेले. एकाच जमातीच्या लोकांवर दोन राज्यांची नावे पडली. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा झाला, तेव्हा नाव पुन्हा बदलले. पाडे होते तेथेच राहिले.

कैनाडच्या पाड्यावर गाव विचारावे, तर मनुष्य आधी पाड्याचे नाव सांगतो, मग कैनाडचे, मग डहाणूचे. कोकणाचे नाव त्याच्या तोंडी सहसा येत नाही. त्यात आम्हांस त्याची चूक दिसत नाही. आपण शहरवासीयांनी ‘कोकण’ म्हणताना त्यास वगळले, म्हणून त्यानेही ते नाव आपले मानले नाही. प्रांताचे नाव आपण उच्चारतो, तेव्हा कोणाची सुखदुःखे त्यात मोजायची, हेही नकळत ठरवीत असतो. तेव्हा येथून पुढे कोकणाची गोष्ट सांगावयाची, तर ती दाहनुकेच्या काठापासून सांगू या.