बालकाची वाचा आणि पालकांचा भार : इंग्लंडमधील खासगी वाचा-उपचाराचा इतिहास

प्रस्तावना

मूल तीन-चार वर्षांचे झाले तरी त्याचे बोलणे घराबाहेरच्या माणसास उमजत नसेल, तर पालक प्रथम शासकीय यंत्रणेकडे जातात. तेथील प्रतीक्षायादी लांबली की खासगी तज्ज्ञाचा शोध सुरू होतो. आजच्या इंग्लंडमध्ये हे चित्र परिचयाचे आहे. ज्याच्याजवळ पैसा आहे त्याच्या मुलास उपचार लवकर मिळतात, इतरांना वाट पाहावी लागते. ही विषमता केवळ निधीच्या टंचाईतून निर्माण झाली, असे वरवर वाटते. तथापि तिची मुळे अधिक खोल आहेत. बोलण्यातील अडचण हा आरोग्याचा प्रश्न मानावा की शिक्षणाचा, याचा निर्णय तेथे दीर्घकाळ झाला नाही आणि या अनिर्णयाची किंमत पालकांना मोजावी लागली. प्रस्तुत लेखात या दृष्टीने वाचा-उपचाराच्या इतिहासाचा आढावा घेतला आहे.

दुहेरी उगम

इंग्लंडमध्ये वाचा-उपचाराचा आरंभ दोन ठिकाणी झाला. १९०६ मध्ये मँचेस्टरच्या शिक्षण समितीने तोतरे बोलणाऱ्या मुलांसाठी स्वतंत्र वर्ग सुरू केले. १९११ मध्ये लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात आणि १९१३ मध्ये सेंट थॉमस रुग्णालयात वाचा-चिकित्सालये उघडली. सेंट थॉमसमधील कार्याशी निगडित असलेल्या एल्सी फोगर्टी या मूळच्या वक्तृत्व व नाट्यशिक्षणाच्या अध्यापिका होत्या. म्हणजे एक धारा शाळेतून निघाली आणि दुसरी रुग्णालयातून.

याच काळात खासगी व्यवसायही आकारास आला. ऑस्ट्रेलियातून १९२४ मध्ये लंडनला आलेल्या लायोनेल लोग यांनी हार्ले स्ट्रीटवर सल्लाकक्ष थाटला. वैद्यकीय पदवी नसलेल्या या गृहस्थांकडे १९२६ मध्ये ड्यूक ऑफ यॉर्क, म्हणजेच पुढील काळातील सम्राट सहावे जॉर्ज, उपचारासाठी येऊ लागले. श्रीमंतांकडून मिळणाऱ्या शुल्काच्या बळावर गरिबांवर उपचार करण्याची लोग यांची पद्धत होती. गरीब मुलाचा उपचार तेव्हा हक्कावर नव्हे, तर उपचारकाच्या औदार्यावर अवलंबून होता, हेही त्यातून दिसून येते. १९४५ मध्ये तत्कालीन दोन व्यावसायिक संघटनांच्या एकत्रीकरणातून कॉलेज ऑफ स्पीच थेरपिस्ट्स ही संस्था स्थापन झाली.

आरोग्य की शिक्षण?

१९४४ च्या शिक्षण कायद्यानंतर, १९४५ मध्ये केलेल्या नियमांत अपंग विद्यार्थ्यांचे अकरा वर्ग ठरविण्यात आले. त्यांत वाचादोष हा एक वर्ग होता. त्यामुळे अनेक उपचारतज्ज्ञ स्थानिक शिक्षण प्राधिकरणांच्या शालेय आरोग्य सेवेत काम करू लागले. १९४८ मध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाल्यावर रुग्णालयांतील तज्ज्ञ तिच्या कक्षेत आले. एकाच व्यवसायाचे असे दोन धनी झाले.

भाषाशास्त्रज्ञ रँडॉल्फ क्वर्क यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९७२ च्या अहवालात ही विभागणी संपविण्याची शिफारस केली आणि एक लाख लोकसंख्येमागे किमान सहा उपचारतज्ज्ञ असावेत, असे सुचविले. १९७४ च्या पुनर्रचनेत ही सेवा राष्ट्रीय आरोग्य सेवेकडे सोपविण्यात आली. प्रशासनाच्या दृष्टीने हे पाऊल योग्य होते; परंतु त्यातून एक अकल्पित पेच उद्भवला. वॉर्नॉक समितीच्या १९७८ च्या अहवालावर आधारित १९८१ च्या शिक्षण कायद्याने विशेष गरजा असलेल्या बालकास लेखी विवरणपत्राद्वारे शैक्षणिक साहाय्याचा हक्क दिला. हा हक्क शिक्षण प्राधिकरणावर बंधनकारक होता. उपचारतज्ज्ञ मात्र आता आरोग्य सेवेचे नोकर होते. विवरणपत्रात वाचा-उपचाराची नोंद 'शिक्षणेतर' रकान्यात झाली की तो देण्याचे बंधन कोणावरच उरत नसे.

हा पेच न्यायालयात गेला. लँकेशायर परगण्यातील एका मुलाच्या प्रकरणात अपील न्यायालयाने १९८९ मध्ये असा निर्णय दिला की, वाचा-उपचार ही शैक्षणिक तरतूद असू शकते. बालकास लिहिण्यास शिकविणे जर शिक्षण असेल, तर बोलण्यास शिकविणे हेही शिक्षणच होय. हा निर्णय म्हणजे पालकांच्या हाती आलेले पहिले भक्कम साधन होते.

तुटवडा आणि वेतन

हक्क मान्य झाला तरी तो बजावणारे हात पुरेसे नव्हते. या व्यवसायात स्त्रियांची संख्या फार मोठी आणि वेतन तुलनेने कमी होते. पॅम एंडरबी यांनी १९८६ मध्ये समान मूल्याच्या कामास समान वेतन या तत्त्वावर दावा दाखल केला. चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ व औषधनिर्माते यांच्याशी तुलना करणाऱ्या या दाव्यात युरोपीय न्यायालयाने १९९३ मध्ये असे मत दिले की, वेतनातील तफावतीचे वस्तुनिष्ठ समर्थन करण्याची जबाबदारी मालकावर आहे. स्त्रियांचे काम म्हणून ज्या सेवेचे मोल कमी धरले गेले, तिचा तुटवडा पडावा यात नवल नाही.

२००८ मध्ये खासदार जॉन बर्को यांनी शासनास सादर केलेल्या अहवालात चाळीस शिफारशी होत्या. बालकास मिळणारी सेवा त्याच्या राहण्याच्या ठिकाणावर अवलंबून असल्याचे त्यांनी निदर्शनास आणले. दहा वर्षांनी, २०१८ मध्ये, झालेल्या फेरआढाव्यातही ही विषमता कायम असल्याचे आढळले.

खासगी व्यवस्थेचे बदललेले स्वरूप

२०१४ च्या बालक व कुटुंब कायद्याने बालकास शिकविणारी आरोग्यविषयक तरतूद विशेष शैक्षणिक तरतूद मानावी, असे स्पष्ट केले. बालकाच्या शिक्षण, आरोग्य व संगोपन आराखड्याच्या शैक्षणिक भागात उपचाराचा उल्लेख असेल, तर तो पुरविणे स्थानिक प्राधिकरणास बंधनकारक आहे. राष्ट्रीय आरोग्य सेवेत तज्ज्ञ उपलब्ध नसल्यास खासगी तज्ज्ञाची व्यवस्था करून ते बंधन पाळावे लागते. मात्र आठवड्यातून किती वेळ व कोणाकडून उपचार द्यावा, हे आराखड्यात नेमके लिहिलेले असावे लागते. अशा नेमकेपणासाठी अनेक पालक प्रथम स्वखर्चाने खासगी मूल्यमापन करून घेतात आणि वाद झाल्यास तो अहवाल न्यायाधिकरणापुढे पुरावा म्हणून ठेवतात. खासगी तज्ज्ञाचीही वैधानिक परिषदेकडे नोंदणी आवश्यक असते. म्हणजे खासगी सेवा ही येथे केवळ शासकीय सेवेचा पर्याय राहत नाही. शासकीय हक्क मिळविण्याची पहिली पायरीही तीच ठरते. ही पायरी चढण्यास लागणारा पैसा व कायद्याचे ज्ञान सर्व पालकांकडे नसते.

समारोप

हार्ले स्ट्रीटपासून न्यायाधिकरणापर्यंतच्या या प्रवासात औदार्याची जागा हक्काने घेतली, ही निःसंशय प्रगती होय. परंतु जो हक्क सिद्ध करण्यासाठी आधी पैसा मोजावा लागतो, तो अपुराच म्हटला पाहिजे. भाषा आत्मसात करण्याची बालपणीची वर्षे मोजकी असतात. खात्यांमधील वाद मिटेपर्यंत ती थांबत नाहीत. कोणती सेवा कोणत्या खात्याची, हा प्रश्न कागदावर प्रशासकीय दिसतो. पण त्याचे उत्तर लांबते तेव्हा त्याचा भार मुक्या मुलाच्या घरावर पडतो, हाच या इतिहासाचा निष्कर्ष होय.