जुन्नरचा पावसाळा आणि एक खुरासानी दोस्त

नारळी पौर्णिमेपर्यंत कोकणातली शिडाची जहाजं किनाऱ्यावर ओढलेली असत. परदेशी व्यापाऱ्यालाही मग जमिनीवरच पावसाळा काढावा लागे. असाच एक अडकलेला माणूस म्हणजे अफनासी निकितिन.

रशियातल्या त्वेर शहरचा हा व्यापारी होर्मुझहून शिडाच्या जहाजात बसला आणि १४६९ च्या सुमारास चौलला उतरला. वास्को द गामा कालिकतला पोहोचला १४९८ मध्ये, म्हणजे जवळपास तीस वर्षांनी. निकितिनसोबत एक घोडा होता. तो इथवर आणायला त्याला शंभर रुबल खर्च आला होता. दख्खनमध्ये घोड्यांची पैदास होत नसे, बहमनी फौजेला मात्र ते हवे असत. त्यामुळे घोडा म्हणजे त्याची सगळी पुंजी.

चौलहून पालीमार्गे जुन्नरला पोहोचायला त्याला २४ दिवस लागले. पुढे पावसाने त्याला तिथंच दोन महिने अडकवलं. चार महिने रात्रंदिवस सगळीकडे पाणी आणि चिखल, असं त्याने लिहून ठेवलंय. याच दिवसांत लोक नांगरणी-पेरणी करतात, घोड्यांना हरभरा घालतात, त्यांच्यासाठी साखर-तूप घालून खिचडी शिजवतात, हेही तो नोंदवतो. आपली खिचडी साडेपाचशे वर्षांपूर्वी रशियन हस्तलिखितात पोहोचली ती अशी!

याच मुक्कामात त्याच्यावर संकट आलं. हा मुसलमान नाही, हे जुन्नरच्या असद खानाला कळलं. खानाने घोडा काढून घेतला आणि सांगितलं, 'आमचा दीन कबूल कर, घोडा परत देतो, वर हजार सोन्याची नाणी देतो. नाहीतर घोडा जाईल आणि हजार नाणी दंड भरावा लागेल.' मुदत चार दिवसांची. ओळखीपाळखीचं कोणी नाही, बाहेर पाऊस.

मुदत संपायच्या आदल्या दिवशी मुहम्मद नावाचा एक खुरासानी तिथं आला. निकितिनने त्याला गळ घातली. हा मुसलमान माणूस उठून खानाकडे गेला, ख्रिस्ती परदेशी माणसासाठी रदबदली केली, त्याचा धर्म वाचवला आणि घोडाही परत आणून दिला.

काही जणांना यातला फक्त असद खान हवा असतो, काही जणांना फक्त मुहम्मद. खान खरा आहे, तो झाकायचं कारण नाही. दीनच्या बाबतीत बळजबरी नाही ही कुरआनची शिकवण, आणि खानाने ती मोडली. पण त्याला थांबवणाराही त्याच कलम्याचा माणूस होता. मी मुलांना दोघांचीही गोष्ट एकत्रच सांगतो. अर्धी सांगितली की इतिहासाची फिर्याद होते किंवा फुशारकी.

पुढे निकितिन बीदरला गेला. सोलापूरच्या भुईकोट किल्ल्याचा बहमनी वारसा पाहिलेल्यांना हा मुलूख परका नाही. त्या वेळी तिथली सूत्रं गिलानहून आलेल्या महमूद गावानच्या हाती होती. निकितिन तिथं ख्वाजा युसुफ खुरासानी या नावाने वावरला. मात्र आपण ख्रिस्ती आहोत हे त्याने बीदरच्या हिंदूंना सांगून टाकलं. मग त्यांनीही आपलं जेवणखाण, व्यापार, पूजाअर्चा त्याच्यापासून लपवली नाही. जवळची धार्मिक पुस्तकं वाटेत लुटली गेल्याने त्याला आपल्या सणांचे दिवसही नक्की कळत नसत. मुसलमानांच्या रोज्यांत तोही एक महिना उपाशी राहिला. त्याच्या लिखाणाच्या शेवटी अरबीत अल्लाहची नावं आहेत. तो मनाने कोण होता, यावर अभ्यासक अजून वाद घालतात. घरी पोहोचण्याआधीच, स्मोलेन्स्कजवळ, त्याला मृत्यू आला.

चौलजवळ रेवदंड्याला निकितिनचं स्मारक आहे. ख्वाजा अहमद अब्बास यांनी १९५७ मध्ये रशियनांसोबत त्याच्यावर 'परदेसी' हा चित्रपट केला. मुहम्मद खुरासानीची आठवण मात्र निकितिनने लिहिल्या तेवढ्या चार ओळींतच उरली आहे. अडल्या परक्यासाठी आपल्याच सत्ताधाऱ्यापुढे उभं राहणाऱ्याचं नाव एवढंच टिकलं, तरी ते आपल्या मुलांना माहीत असायला हवं.