उत्तरामागची रीत

शाळेत गणिताची वही तपासून आली की बरोबर उत्तराशेजारीही कधीकधी लाल शाईत एक शब्द लिहिलेला असे: ‘रीत?’ उत्तर चुकलेलं नसे. पण पुस्तकातल्या पायऱ्या मी मांडलेल्या नसत, म्हणून गुण कापलेले असत. तेव्हा तो शब्द मला जाचायचा. पुढे त्याचं मूळ कळलं आणि त्याच्याबद्दल माया वाटू लागली.

‘रीत’ आली संस्कृत ‘रीति’वरून, आणि ‘रीति’च्या मुळाशी आहे वाहणे या अर्थाचा ‘री’ हा धातू. रीति म्हणजे आधी ओघ, प्रवाह. मग ओघाने पडलेली वाट. आणि त्यानंतर पद्धत, रिवाज. वामनाने रीतीला काव्याचा आत्मा मानलं, तेव्हा शब्दांच्या वाहण्याची ढब त्याच्या मनात होती. रीतभात, रीतसर या आपल्या रोजच्या शब्दांत नियमाचा ताठा आला आहे. मुळात मात्र ते पाणी आहे, आणि पाणी जसा उतार मिळेल तसं जातं.

आमच्या घरात एकाच हिशेबाला तीन उतार होते. अडीच रुपये वाराने अठरा वार कापड घेतलं, तर पैसे किती? आजोबांना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी सगळी तोंडपाठ. ते अडीचकीतून पंचेचाळीस नुसते उचलून घेत. आजी म्हणे, ‘अठरा दुणे छत्तीस, वर अठराचे निम्मे नऊ.’ आईचं आणखी निराळं: दहा वारांचे पंचवीस, आठ वारांचे वीस. पंचेचाळीस रुपये तिघांचेही. नुसतं उत्तर ऐकणाऱ्याला तिन्ही डोकी सारखीच चालतात असं वाटलं असतं. पण भाव दोन रुपये तीस पैसे झाला की फरक उघडा पडे. अडीचकी तिथे कामाची नसे, म्हणून आजोबा थबकत. आजी छत्तीसांत पाच रुपये चाळीस पैसे मिळवून मोकळी होई. आई तेवीस आणि अठरा-चाळीस यांची बेरीज करी. कोणाची रीत काय आहे हे ठाऊक असलं, तर कोण कुठे अडेल हे आधीच सांगता येतं.

विचार करण्याच्या आपल्या शब्दांतही असे वेगवेगळे उतार जपलेले दिसतात. ‘तर्क’ हा शब्द काही भाषाशास्त्रज्ञ ‘तर्कु’ म्हणजे चाती या शब्दाशी, पीळ देण्याच्या क्रियेशी जोडतात. तर्क करणारा जणू कापसातून सूत ओढतो. धागा तुटू न देता पुढे जातो. ‘अंदाज’ फारसीतून आला. तिथे ‘अंदाख्तन’ म्हणजे फेकणे. तीरंदाज आणि गोलंदाज यांच्यातला ‘अंदाज’ तोच. मापाचा अर्थही फारसीत त्याला लगटून आहे, आणि भूमितीसाठी अरबीत जो ‘हंदसा’ शब्द आहे, तोही त्या मापाच्याच घराण्यातला. एक जण सूत काततो, दुसरा नेम धरून फेकतो. दोघेही मुक्कामाला पोचतात, म्हणून दोघांचा प्रवास एकच ठरत नाही.

हा फरक पुसून टाकणारा एक शब्द आपण रोज वापरतो: ‘सरासरी’. फारसीत ‘सर’ म्हणजे डोकं, टोक. ‘सरासर’ म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि ‘सरासरी’ म्हणजे वरवर, ओझरतं. त्याच शब्दाने आपण गणितातला मध्यमान सांगतो. सरासरीची नजर सगळ्यांवरून फिरते, पण कोणावर थांबत नाही, हे त्या शब्दाच्या पोटातच आहे.

ही नजर किती फसवते, हे १९७८ साली मॅक्लिओड, हंट आणि मॅथ्यूज या मानसशास्त्रज्ञांनी एका साध्या प्रयोगातून दाखवलं. माणसाला एक वाक्य वाचायला द्यायचं: ‘तारा अधिक-चिन्हाच्या वर आहे’ किंवा ‘वर नाही’. मग चित्र दाखवायचं, आणि वाक्य खरं की खोटं ते विचारायचं. सगळ्यांना लागलेल्या वेळांची सरासरी काढली, तर ती एका सिद्धान्ताशी छान जुळत होती: माणूस वाक्य शब्दरूपातच मनात ठेवतो, चित्राचंही शब्दांत रूपांतर करतो आणि दोन्ही ताडून पाहतो, ‘नाही’ आलं की ताडायला जास्त वेळ लागतो. पण एकेका माणसाचे आकडे सुटे पाहिल्यावर एक गट निराळाच निघाला. ही माणसं वाक्य वाचतानाच चित्र मनात रेखाटून ठेवत. त्यांना वाचायला वेळ लागे, पण चित्र समोर आल्यावर ‘नाही’ त्यांना फारसं अडवत नसे. सरासरीत ही माणसं बुडून गेली होती. ॲलन न्यूएल यांनी १९७३ च्या एका निबंधात बजावलंच होतं, की वेगवेगळ्या पद्धतींनी काम करणाऱ्यांची एकत्र सरासरी काढू नये.

त्याच संशोधकांनी १९८० साली पुढचं पाऊल टाकलं. एक रीत वापरणाऱ्यांना दुसरी शिकवून पाहिली, तर ती त्यांना वापरता आली. म्हणजे रीत हा कपाळावरचा शिक्का नव्हे; पाट खणला की पाणी वळतं.

इथे मला आपला ‘नमुना’ आठवतो. फारसी ‘नुमूदन’ म्हणजे दाखवणे. नमुना म्हणजे जो दाखवतो तो. शितावरून भाताची परीक्षा करताना ते शीत नमुना असतं: एक पाहिलं की सगळे कळले. गाव नमुना सात आणि बारा यांच्या ठरलेल्या चौकटीत कुठलंही शेत बसवता येतं. आणि एखाद्या जगावेगळ्या माणसाकडे पाहून आपण म्हणतो, ‘काय नमुना आहे!’ म्हणजे याच्यासारखा दुसरा नाही. सगळ्यांसारखा तोही नमुना आणि कोणासारखा नसलेला तोही नमुना. माणसाच्या विचाराचा अभ्यास करणाऱ्याला हे दोन्ही अर्थ एकदम हातात धरावे लागतात.

ते कसं धरायचं, याचं उत्तर ‘मा’ या धातूत सापडतं. ‘मा’ म्हणजे मोजणे. मान, परिमाण, प्रमाण, उपमान ही सगळी त्याची लेकरं. ‘अनुमान’ म्हणजे मागाहून मोजणे, दिसलेल्यावरून न दिसलेल्याचं माप घेणे. ‘प्रतिमान’ म्हणजे समोर ठेवून मोजण्याचं माप. ज्याला आपण मॉडेल म्हणतो, त्याचं मूळही लॅटिन ‘मोडुलुस’, म्हणजे छोटं माप. न्यायशास्त्राने डोंगरावरच्या धुरावरून अग्नीचं अनुमान करताना स्वयंपाकघराचं उदाहरण मध्ये आणलं, कारण धूर आणि अग्नी यांची जोडी तिथे डोळ्यांनी पाहिलेली असते. एकट्यापुरतं केलेलं ते स्वार्थानुमान. दुसऱ्याला पटवायचं असेल तर परार्थानुमान, आणि तिथे पाचही पायऱ्या मांडाव्या लागतात. केनेथ क्रेक यांनी १९४३ साली लिहिलं, की मन बाहेरच्या जगाची छोटी प्रतिकृती आत बाळगतं आणि करण्याआधी तिच्यावर करून पाहतं. मनाचा अभ्यासक त्या प्रतिकृतीचंही प्रतिमान बांधतो: पायऱ्या मांडतो, भाव बदलून पाहतो, आजोबा कुठे थबकतील ते आधी सांगतो आणि मग ताडतो. प्रतिमान चुकलं तर कुठल्या पायरीवर चुकलं तेही कळतं. सरासरीकडून हे मिळत नाही.

परवा शेजारच्या मुलीला तेच कापडाचं गणित घातलं. उत्तर बरोबर आलं. मी विचारलं, ‘कसं काढलंस?’ आपलं चुकलं असावं असं वाटून ती आधी गप्प झाली. मी थांबलो. मग ती म्हणाली, ‘अठरा दाहे एकशे ऐंशी, त्याचे चार भाग केले.’ आमच्या घरात ही रीत कोणाचीच नव्हती. मी ती वहीत उतरवून घेतली.